पाँपेईची मूर्ती आणि भोकरदनची पांढर

इटलीला जाऊन आलेली माणसे तिथल्या जुन्या चर्चबद्दल भरभरून बोलतात. घुमट, रंगीत काचा, भिंतींवरची चित्रे यांची छायाचित्रे आपणही पाहिलेली असतात. पण जालना जिल्ह्यातल्या माणसाला इटलीत पाहण्यासारखी आणखी एक वस्तू आहे आणि ती चर्चमध्ये नाही. नेपल्स शहराच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती ठेवलेली आहे. उंची वीतभरापेक्षा किंचित जास्त, सुमारे २५ सेंटिमीटर. ती पाँपेई या गाडल्या गेलेल्या शहरात सापडली. ती घडली मात्र भारतात आणि बहुधा आपल्या भोकरदनला.

या वाक्यातला 'बहुधा' हा शब्द मी बरीच वर्षे गाळत होतो. सहावीच्या वर्गात सातवाहनांचा धडा आला की मी अभिमानाने सांगत असे, "आपल्या भोकरदनची लक्ष्मी रोमला गेली होती." मुले खूश होत, मीही खूश होई. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, मूर्तीवर भोकरदनचं नाव लिहिलंय का?" मी म्हटले, "नाही." ती म्हणाली, "मग कसं कळलं?" तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडत आहे.

राखेखालचे शहर

व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट इ.स. ७९ मध्ये झाला. आधी तासन्‌तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. मग तप्त वायू आणि राखेचे लोट डोंगरावरून खाली धावत आले. पाँपेई चार ते सहा मीटर जाडीच्या थराखाली गाडले गेले. तिथे पद्धतशीर खोदकाम १७४८ साली सुरू झाले आणि ते आजही चालू आहे.

इटलीचे पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना १९३८ साली इथल्या एका घरात ही मूर्ती मिळाली. आज ते घर 'भारतीय मूर्तीचे घर' याच नावाने ओळखले जाते. पाँपेईच्या मोठ्या बाजाररस्त्याजवळचे हे घर. म्हणजे ती कुणा सम्राटाच्या महालात नव्हती, शहरातल्या एका खात्यापित्या कुटुंबाच्या घरात होती.

मूर्तीतली स्त्री उभी आहे. एक पाय दुसऱ्या पायापुढे तिरका टाकलेला. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिने मात्र खच्चून. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पोटऱ्यांपर्यंत चढलेले वाळे. आपल्या भागातल्या तांड्यांवर म्हाताऱ्या बंजारा बायांच्या हातभर पांढऱ्या बांगड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ते हात ओळखीचे वाटतील. तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहानशा सेविका आहेत, त्यांच्या हातांत प्रसाधनाची साधने आहेत.

एवढ्यावरूनच ती रोमन नाही हे कुणालाही कळते. अशी घडण, असे दागिने, अशी उभे राहण्याची ढब आपल्याला सांची-भारहूतच्या शिल्पांत दिसते. म्हणजे 'भारतीय' हा पहिला निष्कर्ष पक्का. आता पुढचे प्रश्न: केव्हाची? कशाची? कुणाची? आणि कुठली?

केव्हाची?

भारतीय कलेच्या अभ्यासात काळ ठरवणे ही मोठी डोकेदुखी असते. बहुतेक मूर्तींवर तारीख नसते. शैलीवरून अंदाज बांधावा लागतो आणि त्यात शंभर-दीडशे वर्षे इकडेतिकडे होतात. या मूर्तीच्या बाबतीत मात्र एका ज्वालामुखीने आपले काम सोपे केले आहे. इ.स. ७९ मध्ये पाँपेई राखेखाली गाडले गेले. मूर्ती राखेखाली सापडली, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचली होती. पोचण्याआधी ती घडली असणार. म्हणून ७९ ही तिच्या घडणीची सर्वांत अलीकडची सीमा. भारतीय कलेच्या इतिहासात इतकी नेमकी रेघ ओढता येणाऱ्या वस्तू फार थोड्या आहेत. अशा एका वस्तूशी जुळणारी दुसरी वस्तू कुठे सापडली, तर तिचाही काळ अंदाजता येतो. काबूलजवळ बेग्राम येथे फ्रेंच संशोधकांना १९३७ ते १९३९ या काळात भारतीय हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला. त्याचा काळ ठरवताना पाँपेईची मूर्ती पुन्हा पुन्हा पुढे येते ती यासाठीच.

कुणी विचारेल, कार्बन-१४ पद्धतीने थेट काळ का काढू नये? हस्तिदंत हा सेंद्रिय पदार्थ आहे, तेव्हा ते शक्य आहे. पण त्यासाठी मूर्तीचा कण खरवडून घ्यावा लागतो. शिवाय त्यातून कळते ते दात हत्तीच्या तोंडात केव्हा वाढला हे, कारागिराने तो केव्हा कोरला हे नव्हे. दोन्हींत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. मुलांना विज्ञानाची मर्यादा समजावण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. उपकरण अचूक असले तरी आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो आहोत, हे आधी पाहावे लागते.

जाता जाता एक गोष्ट. ज्वालामुखीच्या स्फोटाची तारीख पुस्तकांतून २४ ऑगस्ट अशी दिलेली असते. पण २०१८ साली पाँपेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली. तिच्यावरची तारीख आपल्या पद्धतीने १७ ऑक्टोबर येते. कोळशाचे लिखाण फार दिवस टिकत नाही. त्यामुळे स्फोट ऑगस्टमध्ये नव्हे, त्यानंतर शरद ऋतूत झाला असावा, असे मत आता बळावले आहे. वर्ष मात्र तेच राहते. इतिहासातल्या तारखाही अशा पुराव्यागणिक तपासल्या जातात.

कशाची आणि कशासाठी?

हस्तिदंत आणि हाड दिसायला सारखे. पण दाताचा आडवा काप पाहिला तर त्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात ती नसते. हाडात रक्तवाहिन्यांच्या नलिकांचे बारीक ठिपके किंवा चरे दिसतात. जाणकाराला साध्या भिंगाने हा फरक ओळखता येतो.

माइउरी यांनी मूर्तीला लक्ष्मी म्हटले आणि ते नाव रूढ झाले. पण त्या काळची लक्ष्मी आपल्याला माहीत आहे. सांचीला ती कमळावर बसलेली किंवा उभी दिसते, दोन्ही बाजूंनी हत्ती तिच्यावर पाणी घालत असतात. पाँपेईच्या मूर्तीत हा प्रकार नाही. म्हणून आता बरेच अभ्यासक तिला यक्षी किंवा साजशृंगार करणारी सुंदरी मानतात. शिवाय मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. पूजेच्या मूर्तीला असे भोक कशाला हवे? त्यात काहीतरी बसवलेले असणार. ती आरशाची मूठ असावी असे काहींना वाटते, तर छोट्या मेजाचा किंवा तिवईचा पाय असावा असे काहींना वाटते. म्हणजे पाँपेईच्या त्या घरात आपली देवी पुजली जात नव्हती. दूरदेशीची एक सुंदर, महागडी वस्तू म्हणून ती तिथे होती.

हे मुलांना सांगताना मला पहिल्यांदा जरा वाईट वाटले. 'लक्ष्मी' म्हणण्यात जो थाट आहे, तो 'आरशाची मूठ' म्हणण्यात नाही. पण मग विचार केला, देवीची मूर्ती भक्त घेऊन जातो. रोजच्या वापरातली वस्तू हजारो कोस दूर विकली जाते ती केवळ तिच्या कारागिरीच्या जोरावर. कारागिराच्या दृष्टीने यात कमीपणा कुठे आहे?

भोकरदन कुठून आले?

माइउरींना ही मूर्ती मथुरेकडची वाटली होती. १९३८ साली ते स्वाभाविक होते, कारण त्या वेळी दख्खनमधली फारशी उत्खनने झालेलीच नव्हती.

जालन्याच्या उत्तरेला केळना नदीच्या काठी भोकरदन आहे. याच नदीच्या काठी थोड्या अंतरावर १८०३ साली असईची लढाई झाली, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात या परिसराची ओळख बहुधा त्या लढाईपुरतीच असते. पण भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दाने दिली त्यांची नावे व गावे तिथे दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे दातेही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे इतक्या दूर जाऊन दान देण्याइतकी सधन होती आणि जा-ये करण्याइतके रस्ते होते, हे त्यावरून दिसते.

नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून १९७३ साली भोकरदनला उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, तेव्हा त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. सातवाहनकाळाच्या थरांत तिथे नाणी, मणी आणि हस्तिदंताच्या वस्तू मिळाल्या. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीही होती आणि तिची घडण व अलंकार पाँपेईच्या मूर्तीशी विलक्षण जुळणारे होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच जातकुळीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयामुळे ती अभ्यासकांना परिचित झाली. या साम्यावरून पाँपेईची मूर्ती भोकरदनला घडली असावी, असे मत पुढे आले. डेक्कन कॉलेजचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ते मांडले.

आता इथे जरा थांबू. साम्य म्हणजे पुरावा का? येवल्याला विणलेली पैठणी आणि पैठणला विणलेली पैठणी सारखीच दिसते. कारागीर गाव बदलतात, नमुने उचलले जातात. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी केले, असे त्यात नोंदवले आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचेही दान कोरलेले आहे. म्हणजे विदिशेचे दंतकार आणि दख्खनच्या राजाचा कारागीर एकाच तोरणावर भेटतात. दातावर कोरणारा हात दगडावरही चालत होता आणि शैली या रस्त्याने खालीवर जात होती. तेव्हा मूर्ती विदिशेची असण्याची शक्यताही उरतेच.

एका अक्षराची अडचण

मूर्तीच्या बैठकीवर एक अक्षर कोरलेले आहे. ते खरोष्ठी लिपीतले आहे आणि 'शि' असे वाचले जाते. खरोष्ठी ही उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी, मुख्यतः गांधारातली, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानातली. भोकरदन, पैठण, तेर या भागाची लिपी ब्राह्मी. मग दख्खनच्या मूर्तीवर हे अक्षर कसे?

अक्षर आपल्या मताच्या विरुद्ध जाते म्हणून ते झाकून ठेवता येत नाही. काही अभ्यासक त्यावरून म्हणतात की मूर्ती वायव्येकडे घडली किंवा निदान तिकडून गेली. दुसरीही शक्यता आहे. एकच अक्षर हे सुटे भाग जुळवण्याची खूण असू शकते. कारागीर किंवा व्यापारी वायव्येकडचा असू शकतो. आणि त्या काळी खरोष्ठी आपल्याकडे अगदी परकी नव्हती. क्षहरात वंशाचा राजा नहपान याची सत्ता भडोचपासून नाशिकपर्यंत होती. आज बहुतेक अभ्यासक त्याला इ.स.च्या पहिल्या शतकात ठेवतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली अशी तेरा हजारांहून अधिक नाणी एकाच ठेवीत मिळाली. खरोष्ठी लिहिणारी माणसे दख्खनच्या बाजारपेठांत वावरत होती, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यापुढे जाता येत नाही.

रस्ता होता का?

वस्तू गेली असे म्हणायचे तर रस्ता दाखवावा लागतो. तो मात्र चांगला माहीत आहे. पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो 'पेरिप्लस' ग्रंथ. त्यात भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तेर पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तिथून माल गाड्यांनी, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. पैठणहून अजिंठ्याच्या घाटाकडे आणि पुढे उज्जैन-विदिशेकडे जाणाऱ्या वाटेच्या पट्ट्यात भोकरदन येते.

पुढचे काम मोसमी वाऱ्यांचे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरची बंदरे जहाजे जुलैच्या सुमारास सोडत आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर भारतात येत. हिवाळ्यात ईशान्य वारे सुरू झाले की परत निघत. ज्या वाऱ्याने जालन्यात पेरणी होते, त्याच वाऱ्याने ही जहाजे येत. परत गेल्यावर माल उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईल नदीवर, तिथून नावेने अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्रातून इटलीला जाई. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने वाळवंटातल्या उंटांच्या प्रवासाला बारा दिवस आणि नदीतल्या प्रवासाला बारा दिवस लागतात असे नोंदवले आहे.

हाच प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्स खेचून घेतो. सेस्टर्स हे रोमन नाणे. आणि नियतीचा खेळ असा की हा प्लिनीही इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटात मेला. तो आरमाराचा अधिकारी होता. स्फोट जवळून पाहण्यासाठी आणि किनाऱ्यावरच्या लोकांना सोडवण्यासाठी तो जहाजे घेऊन गेला होता. भारतीय मालाबद्दल कुरकुरणारा लेखक आणि भारतीय मालाचा हा नमुना, दोघांचाही शेवट एकाच डोंगराने केला.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली. ती रोमन जगातून आलेली. आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तिची ज्याने कौतुकाने खरेदी केली असेल, त्यालाही तो देव कोण हे ठाऊक असेलच असे नाही. पाँपेईच्या घरातही तसेच असेल.

वर्गात काय करावे?

पुढच्या वर्षी मी हा धडा वेगळ्या रीतीने घेतला. फळ्यावर तीन रकाने आखले: 'पक्के', 'बहुधा' आणि 'शक्य'. मुलांना एकेक विधान देऊन ते कोणत्या रकान्यात घालायचे, हे कारणासह विचारले. मूर्ती भारतीय आहे: पक्के. इ.स. ७९ पूर्वीची आहे: पक्के. पहिल्या शतकात दख्खनचा माल रोमन जगात जात होता: पक्के. मूर्ती भोकरदनला घडली: 'बहुधा'. यावर वर्गात दोन तट पडले. खरोष्ठी अक्षराचे कारण देऊन काहींनी ते 'शक्य' मध्ये टाका म्हणून हट्ट धरला. मी मध्ये पडलो नाही. मूर्ती लक्ष्मीची आहे हे विधान मात्र पहिल्या रकान्यातून मुलांनीच पुसले. 'आपली' वस्तू असूनही तिच्याबद्दल इतके कठोर होता येते, हे त्यांना त्या दिवशी कळले आणि थोडेसे मलाही. गंमत म्हणजे अभिमान काही कमी झाला नाही. कशाचा अभिमान धरायचा हे मात्र नीट कळले.

शेवटी एक काळजीची गोष्ट. आपल्याकडे गावची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन प्रकारची. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेणामातीचे थर यांनी ही पांढर चढत जाते. मराठवाड्यात अशी पांढरीची टेकाडे गावोगाव आहेत. धाब्यावर टाकायला ही माती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. आता ती यंत्राने उपसून ट्रॉल्या भरून शेतात जाते. माती चांगली असते हे खरे. पण भोकरदनच्या मूर्तीचे मोल ती कोणत्या थरात मिळाली यावर आहे. तीच मूर्ती ट्रॉलीतून एखाद्या शेतात पडली असती, तर तिच्याबरोबरची नाणी, मणी, थर सगळे हरवले असते. मग पाँपेईच्या मूर्तीला भोकरदनशी जोडणारा धागाच उरला नसता. पाँपेईवर राख पडली म्हणून ते वाचले. आपली राख मात्र आपणच उपसून नेतो आहोत.

शिक्षकांना यात थोडे करता येते. मुले खापरे, मणी, जुनी नाणी घेऊन येतात. त्यांना 'छान' म्हणून वस्तू कपाटात ठेवू नये. 'कुठे सापडली, किती खोल, शेजारी काय होते' हे आधी विचारावे, जागेचा कच्चा नकाशा काढून घ्यावा आणि आपण होऊन उकरायला जाऊ नये. जमिनीत धन किंवा मौल्यवान वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इतर अवशेषांची माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्राने देता येते. एवढी शिस्त वर्गातून घराघरांत गेली, तरी पुष्कळ काही वाचेल.

त्या मुलीचा प्रश्न होता, "मग कसं कळलं?" माझ्या मते इतिहासाच्या प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय म्हणून एवढा एक प्रश्न छापला तरी पुरे.